कढई कोण घासणार?

‘रेसिडेन्सी’ या शब्दाशी मराठी माणसाची ओळख जुनी आहे. पुण्यात संगमावर इंग्रजांची रेसिडेन्सी होती. तिथला रेसिडेंट दरबारात गोड बोलायचा आणि पेशवाई आता किती दिवसांची सोबती आहे याचा अंदाज कलकत्त्याला कळवायचा. पुढे हा शब्द हायवेवर उतरला आणि खाली परमिट रूम, वर लॉज अशा इमारतींच्या कपाळावर रात्री लाल-निळा चमकू लागला. अलीकडे त्याला तिसरा, सात्त्विक अर्थ चिकटला आहे. कवीने, चित्रकाराने, नर्तिकेने शहर सोडून एखाद्या खेड्याजवळच्या केंद्रात महिनाभर राहायचे, मोबाइल बंद करायचा आणि काहीतरी निर्माण करायचे, म्हणजे रेसिडेन्सी. अशा केंद्रात दुसराही एक प्राणी आढळतो. त्याला व्हॉलंटियर म्हणतात. तो सकाळी शेण काढतो, वाफे खणतो, भाजी चिरतो आणि त्या बदल्यात जेवण-अंथरूण मिळवतो. ही देवाणघेवाण जगभर चालते. १९७१ साली इंग्लंडमध्ये स्यू कॉपर्ड या लंडनच्या सेक्रेटरीबाईंनी शहरी माणसांना शनिवार-रविवार सेंद्रिय शेतावर राबायला नेण्याची टूम काढली. तिचेच पुढे ‘वूफ’ झाले आणि दिवसाला चार-सहा तास कामाच्या बदल्यात दोन वेळचे जेवण हा भाव जवळजवळ ठरून गेला. एका फाटकातून आत जाणाऱ्या या दोघांचे अर्ज मात्र वेगळे असतात. कलावंताला विचारतात, तुमची कलाविषयक भूमिका काय? व्हॉलंटियरला विचारतात, पाठदुखी आहे का? कलावंताला डोंगराकडे उघडणारी खिडकी मिळते, व्हॉलंटियरला वरचा बंक. माझे म्हणणे एवढेच आहे की हे दोन अर्ज वेगळे छापणे ही या सगळ्या व्यवहारातली मूळ चूक आहे. अर्ज एकच असावा, आणि त्यातला पहिला प्रश्न ‘कढई घासता येते का?’ हा असावा.

यावर पहिला हल्ला अमेरिकेतून होईल, आणि तो दुबळा नाही. न्यू हॅम्पशर राज्यात पीटरबरोजवळच्या जंगलात १९०७ पासून मॅकडॉवेल नावाची वसाहत आहे. तिथे प्रत्येक कलावंताला झाडीत एक स्वतंत्र खोली मिळते आणि दुपारचे जेवण टोपलीतून खोलीच्या दाराशी अलगद ठेवले जाते. कविकल्पना बिचकून उडू नये म्हणून ही खबरदारी. राहून गेलेले लोक खोलीतल्या लाकडी फळ्यांवर नावे लिहितात आणि त्या फळ्यांना तिथे चक्क ‘थडगी’ म्हणतात. म्हणजे त्यांच्यातही विनोदबुद्धी आहे. थॉर्नटन वाइल्डरच्या ‘अवर टाउन’ या नाटकाचा काही भाग इथेच लिहिला गेला. जेम्स बाल्डविन इथे राहिले, विला कॅथर राहिल्या. तेव्हा टोपलीने साहित्याचे नुकसान झाले असे म्हणण्याची सोय नाही. पण टोपली स्वतः चालत येत नाही. ती कोणीतरी भरते, उचलते आणि पाय न वाजवता ठेवून जाते. ही वसाहत उभी करण्यासाठी एडवर्ड मॅकडॉवेल या संगीतकाराच्या पत्नी मॅरियन यांनी नवऱ्याच्या मागे वर्षानुवर्षे गावोगाव पियानोचे कार्यक्रम करून पैसा जमवला. त्या स्वतः उत्तम पियानोवादक. म्हणजे टोपलीच्या शोधातसुद्धा एका कलावंताने दुसऱ्यांसाठी वाहिलेले ओझे होतेच. आणि खरे सांगायचे तर ही पद्धत मराठी लेखकाला नवी नाही. ‘ते लिहितायत’ असे म्हणून पोरांना गप्प करायचे, चहा दाराशी ठेवायचा, पेपरवाल्याला परस्पर वाटेला लावायचे, अशी वसाहत आपल्याकडे घरोघरी चालत आली आहे. तिला देणगीदार नव्हते आणि संचालिकेचे नाव अर्पणपत्रिकेत एकदा आले की हिशेब मिटायचा.

दुसरा हल्ला जास्त जोराचा, कारण तो एका मोठ्या लेखकाच्या हाताला आलेल्या फोडांवर उभा आहे. १८४१ साली बॉस्टनजवळ वेस्ट रॉक्सबरीत जॉर्ज रिप्ले या धर्मोपदेशकाने व्यासपीठ सोडून ‘ब्रुक फार्म’ काढले. विचार करणारा आणि राबणारा ही दोन वेगळी माणसे राहू नयेत, एकाच देहात नांदावीत, ही त्याची कल्पना. सगळ्यांनी शेतात थोडे थोडे काम करायचे, सगळ्यांना सारखी मजुरी, आणि उरलेला वेळ काव्यशास्त्रविनोदात. इमर्सनला आमंत्रण होते. तो शहाणा, त्याने नम्र नकार कळवला. नथॅनियल हॉथॉर्न मात्र गेला. त्याचे वय तेव्हा छत्तीस, कस्टमच्या नोकरीत साठवलेले हजार डॉलर त्याने या शेतीत घातले, आणि एप्रिलमधल्या हिमवादळात तो तिथे पोचला. पहिल्याच दिवसांत त्याला कडबाकुट्टीच्या यंत्रावर लावले. त्याने एवढ्या सद्भावनेने कडबा कापला की दहा मिनिटांत यंत्र मोडले. ही माहिती त्याने स्वतःच वाग्दत्त वधूला, सोफिया पीबडीला, पत्राने कळवली आहे. गोठ्यात मार्गारेट फुलर या विदुषीची एक कालवड होती. ती दुधाची चरवी लाथेने उलथवायची आणि हॉथॉर्न तिला ‘अतींद्रियवादी कालवड’ म्हणायचा. उकिरड्याला सगळ्यांनी ‘सोन्याची खाण’ असे नाव दिले होते. वसंतात या खाणीवर तो विनोद करत होता. उन्हाळा सरेपर्यंत विनोद आटले, हात राठ झाले आणि लेखणी धरली की डोळे मिटू लागले. शेवटी त्याने फावडे खाली ठेवले, काही दिवस पैसे भरून राहणारा पाहुणा म्हणून काढले आणि नोव्हेंबरात बाडबिस्तरा उचलला. घातलेला पैसा परत मिळवण्यासाठी पुढे त्याला रिप्लेवर दावा लावावा लागला. कलेचा आणि शेणाचा संयोग कोर्टात संपतो, असे या प्रकरणाचे तात्पर्य विरोधक काढतात.

हे तात्पर्य मला घाईचे वाटते. एक तर ब्रुक फार्ममधले काम ‘थोडे थोडे’ राहिलेच नाही. शेती कागदावर चार तासांची असते, जमिनीवर चौदा तासांची. हे खानदेशातल्या कुठल्याही कापूसवाल्याने रिप्लेला फुकट सांगितले असते. शिवाय हॉथॉर्न तिथे स्वयंसेवक म्हणून गेलाच नव्हता. तो भागधारक म्हणून गेला होता, लग्नानंतर सोफियाला घेऊन तिथेच बिऱ्हाड थाटण्याचा त्याचा बेत होता. ज्या कालवडीत आपले भांडवल अडकले आहे तिच्याकडे पाहून कोणालाही कथा सुचत नाही, व्याज सुचते. आणि तरीही त्या उकिरड्याने त्याला अगदीच रिकाम्या हाताने पाठवले नाही. १८५२ मध्ये त्याने ‘ब्लाइथडेल रोमान्स’ लिहिली. तिच्यात एक कवी अशाच आदर्श शेतावर जातो, आणि शेतीपेक्षा शेतकऱ्यांच्या भानगडींत रमतो. फोड अकरा वर्षांनी फुटला, पण कादंबरी होऊन फुटला. तेव्हा ब्रुक फार्मचा दोष श्रमात शोधू नये. तो मापात होता, आणि ते श्रम कोणाचे या प्रश्नात होता. आपण खाल्लेल्या ताटाचे श्रम वेगळे, आणि कंपनीच्या कडब्याचे वेगळे.

हा फरक आपल्या मुलखात फार आधी ओळखला गेला होता. दासबोध शिवथरघळीत उतरला अशी परंपरा आहे. समर्थ सांगत आणि कल्याणस्वामी लिहून घेत. आता घळ म्हणजे एकांतवासाचे आदर्श केंद्र. धबधबा, गारवा, वर्दळ शून्य. आजच्या भाषेत सांगायचे तर कल्याणस्वामी त्या प्रकल्पाचे लेखनिक, संपादक आणि संग्राहक. पण पुढे सज्जनगडावर पाणी कोण भरायचे? तेच. खालून उरमोडीचे पाणी हंड्यांनी गडावर आणायचे काम या लेखनिकाच्या खांद्यावर होते. ते हंडे गडावर अजून पाहायला मिळतात आणि ते पाहून भाविकांच्या डोळ्यांत भक्तीइतकीच धास्तीही दिसते. आज एखाद्या केंद्राने हीच कामे केली असती तर ओव्या ‘कंटेंट टीम’कडे आणि हंडे ‘हाउसकीपिंग’कडे गेले असते, आणि दोघांची एकमेकांशी फक्त जेवणाच्या रांगेत गाठ पडली असती. पैठणची गोष्ट त्याहून पुढची. एकनाथांच्या वाड्यात श्रीखंड्या नावाचा गडी बारा वर्षे कावडीने पाणी भरत होता आणि तो प्रत्यक्ष द्वारकेचा श्रीकृष्ण होता, अशी आख्यायिका आहे. त्याने भरलेला रांजण पैठणला आजही दाखवतात. या काळात नाथांचे लेखन चालले होते. पण इथे देव पाणी भरत होता म्हणून नाथ मोकळे होते, असा अर्थ काढाल तर फसाल. नाथांना पाणी भरणारा कोण हे कळले तेव्हा त्यांना झाली ती हळहळ. फुकटच्या सेवेने मोठ्या लेखकाला संकोच वाटतो, ही त्या आख्यायिकेतली खरी गंमत आहे. आणि श्रीखंड्याचेही पाहा. बारा वर्षे राबून निघताना त्याने अनुभवाचे प्रमाणपत्र मागितल्याचा कुठे उल्लेख नाही.

पण या सगळ्यांवर मात केली ती गाडगेबाबांनी. त्यांची पद्धत एवढी साधी की तिला पद्धत म्हणायला जीभ रेटत नाही. गावात शिरले की आधी हातात खराटा. दिवसभर गाव झाडायचे, रात्री कीर्तन. झाडण्याला स्वयंसेवा म्हणा, कीर्तनाला निर्मिती म्हणा. एकाच माणसाच्या एकाच मुक्कामात दोन्ही बसत होते आणि मध्ये कुठला रकाना नव्हता. त्यांच्या कीर्तनात गावाची घाण, कर्जबाजारीपणा, दारू, देवापुढे कापलेली बकरी हे सगळे यायचे. ते कुठून यायचे? दुपारी खराट्याखाली काय काय लागले ते रात्री तोंडी यायचे. श्रोत्यांनाच प्रश्न विचारून उत्तर काढून घेण्याची त्यांची हातोटी वाचनालयात सापडणारी नव्हती. आजचा कवी खेड्यात महिनाभर राहतो आणि ‘इथल्या मातीशी नाते जडले’ असे लिहितो. गाडगेबाबांचे मातीशी नाते खराट्याच्या लांबीएवढे होते, म्हणजे ती नाकातोंडात जाण्याइतके जवळचे.

गांधीजींचे उदाहरण टाळता आले असते, पण आकडा फार मोठा आहे. १९३६ मध्ये ते वर्ध्याजवळच्या शेगावात राहायला गेले आणि पुढे त्या गावाचे सेवाग्राम झाले. तिथे पहाटेची प्रार्थना, सूतकताई, स्वयंपाकघर आणि संडाससफाई यांतून सुटका कोणालाच नव्हती. परचुरेशास्त्री हे संस्कृतचे पंडित कुष्ठरोग घेऊन आश्रमात आले तेव्हा त्यांच्या अंगाला मालिश करायला गांधीजी स्वतः बसत. आता या माणसाला लिहायला वेळ कुठून मिळाला असेल? त्यांच्या समग्र वाङ्मयाचे इंग्रजीत शंभर खंड झाले. चोवीस तास मोकळे असलेल्या लेखकाला चोवीस तासांत काय लिहावे हा प्रश्न पडतो. ज्याची चार वाजता सुताची आणि पाच वाजता रोग्याची पाळी असते त्याला तो पडायला सवड नसते. विनोबांची गीतेवरची प्रवचनेही पाहा. १९३२ मध्ये धुळ्याच्या तुरुंगात २१ फेब्रुवारी ते १९ जून असे अठरा रविवार, अठरा अध्याय. बोलणारे विनोबा, ऐकणारे कैदी, लिहून घेणारे साने गुरुजी. दुसऱ्याचे लिहून घेण्याची हमाली केलेल्या याच साने गुरुजींनी पुढच्या वर्षी नाशिकच्या तुरुंगात ‘श्यामची आई’चा बहुतेक भाग पाच दिवसांत लिहिला. पाच दिवसांत! आजकाल तेवढ्या काळात रेसिडेन्सीचे ओळखपत्र मिळत नाही. सरकारने कैद्यांना राहणे-जेवणे फुकट दिले म्हणून हे झाले, असे कोणी म्हणेल. फुकट राहणे-जेवणे तर सासुरवाडीतही मिळते. तिथे कोणता ग्रंथ झाला?

इथपर्यंत युक्तिवाद मजेत चालला आहे. पुढचा आक्षेप मात्र हसण्यावारी नेण्यासारखा नाही. तो असा की श्रमाचे हे कौतुक ज्यांना श्रम टाळता येतात त्यांनाच परवडते. जनाबाई नामदेवांच्या घरी दासी होती. दळणकांडण, शेण्या वेचणे हा तिचा छंद नव्हता, आणि विठ्ठल येऊन दळू लागला असे तिने गायले ते मदतीला दुसरे कोणी येत नव्हते म्हणूनही असेल. बहिणाबाई चौधरींना लिहिता-वाचता येत नव्हते. शेतात, चुलीपुढे, जात्यावर त्यांची गाणी झाली आणि आप्तांनी लिहून ठेवली म्हणून उरली. त्यांच्या हयातीत संग्रह निघालाच नाही. तो १९५२ मध्ये, त्या गेल्यानंतर आला. जात्यावर ओवी सुचते म्हणून जाते थोर ठरवायचे असेल, तर जात्याखाली किती ओव्या भरडल्या गेल्या याचाही हिशेब मांडायला हवा, आणि तो कोणाकडे नाही. हा आक्षेप मी पूर्ण मान्य करतो, आणि मान्य केल्यावर माझी मागणी आणखी जोरात करतो. कारण कलावंताने काम केले नाही तर काम नाहीसे होत नाही, ते जनाबाईकडे जाते. केंद्रात कवीची कढई कवीने घासली नाही तर शेजारच्या वाडीतून येणारी बाई घासते, आणि तिच्या डोक्यात त्या वेळी काय चालले होते ते विचारायला कोणतीही निवड समिती जात नाही.

त्यालाच लागून अर्थशास्त्राचा एक काटा आहे. ज्या राज्याने १९७२ च्या दुष्काळातून धडा घेऊन १९७७ मध्ये रोजगार हमीचा कायदा केला, मजुरीचे काम मागणे हा ग्रामीण माणसाचा हक्क ठरवला, तिथे शहरातून गाडीने येऊन फुकट माती उचलणे म्हणजे पंगतीत घुसून पहिल्यांदा वाढून घेण्यासारखे आहे. दर जुलैत मावळात आणि कोकणात हा प्रकार रंगतो. पुण्या-मुंबईची मंडळी पैसे भरून भातलावणीला येतात. (कोणी वेगळ्याच लावणीच्या आशेनेही येत असेल, चिखल पाहिल्यावर उलगडा होतो.) तासभर वाकून रोपे खोचतात, कुठे चार, कुठे चौदा, फोटो काढतात आणि पिठलं-भाकरी खाऊन परत जातात. मग मागून खाचरात बाया उतरतात आणि तीच रोपे उपटून पुन्हा नीट लावतात. टॉल्स्टॉय उतारवयात जोडे शिवायला शिकला तेव्हा त्याच्या मित्राने, फेत या कवीने, एक जोड मागवला, सहा रूबल मोजले आणि जोड टॉल्स्टॉयनेच शिवल्याचा लेखी दाखला करून ठेवला. जोड्याला दाखला लागतो तेव्हा तो पायात घालण्यासाठी नसतो, हे उघड आहे. म्हणून स्वयंसेवकाला शेतात सोडूच नये या मताचा मी आहे. मजुरीची कामे मजुरीने व्हावीत, रास्त मजुरीने व्हावीत. कलावंताच्या वाट्याला फक्त ती कामे यावीत जी त्याच्याच राहण्यातून निघतात. त्याचे ताट, त्याचा संडास, त्याने वापरलेले पाणी, त्याने केलेला कचरा. याला श्रमदान म्हणण्याचीही गरज नाही. स्वतःचे उष्टे उचलणे हे दान कधीपासून झाले? ज्याने केले नाही त्याच्या नावावर ती उधारी लागते, एवढेच.

शेवटची तक्रार खुद्द कलावंतांची आहे, आणि ती कुजबुजत केली जाते. कामाने तंद्री मोडते. मोडावी. तंद्री ही फार जपून ठेवली की आंबते. इगतपुरीत १९७६ पासून विपश्यनेचे केंद्र आहे. तिथल्या दहा दिवसांच्या शिबिरात लिहायला आणि वाचायला बंदी असते, कागद जवळ ठेवता येत नाही. शिबिर एकदा केलेले लोक पुढे तिथे सेवेला येऊ शकतात आणि नव्यांसाठी स्वयंपाकघरात राबतात. लेखकाच्या डोक्यात सगळ्यात चांगल्या ओळी तिथे येत असणार याबद्दल मला शंका नाही, कारण त्या उतरवून घ्यायची सोय नाही. जी ओळ कढई घासून होईपर्यंत डोक्यात टिकत नाही ती छापून आल्यावर वाचकाच्या डोक्यात किती टिकणार? संपादकांचे निम्मे काम राखुंडी आणि काथ्या फुकटात करून देतील.

तेव्हा यंदा कोणी अशा एखाद्या केंद्राचा अर्ज भरत असेल, तर खिडकी कोणत्या दिशेला आहे हे विचारण्याआधी भांड्यांची पाळी कोणत्या वाराला येते ते विचारून घ्यावे. सोमवार-मंगळवार चालतील. आषाढी एकादशीची पाळी मात्र काहीही सांगून टाळावी. साबुदाण्याची खिचडी तळाला लागलेली कढई दोन दिवस भिजवून ठेवली तरी सुटत नाही.